सोळाशे मीटर आणि अर्धा लिटर बीटचा रस

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठल्याही गावच्या मैदानावर पहाटे पाचला गेलात तर भरतीची तयारी करणारी पोरं पळताना दिसतील. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्रच बेळगावात, त्यामुळं सोळाशे मीटर म्हणजे काय ते आपल्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. चारशे मीटरच्या मैदानाच्या चार फेऱ्या, आणि शेवटी दोन-चार सेकंदांवरून होणारा निकाल. या दोन-चार सेकंदांसाठी कुणी बीटचा रस सांगतं, कुणी काळी कॉफी, कुणी पावडरचा डबा पुढं करतं.

आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी 2018 साली या पदार्थांवरचा सगळा पुरावा एकत्र तपासला. निरोगी खेळाडूची कामगिरी थेट वाढवतात असा बऱ्यापैकी पुरावा त्यांना मोजून पाचांच्या बाजूनं मिळाला: कॅफिन, क्रिएटिन (स्नायूंना झटपट ताकद पुरवणारा पदार्थ), नायट्रेट, खाण्याचा सोडा आणि अमिनो आम्लाचा एक प्रकार असलेलं बीटा-अ‍ॅलानिन. यातलं नायट्रेट आपल्या भाजी मार्केटातच मिळतं, कारण ते बीटमध्ये भरपूर असतं.

ते काम कसं करतं? रसातलं नायट्रेट आतड्यातून रक्तात जातं आणि तिथून लाळेत उतरतं. जिभेवरचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, आपण ते गिळतो, आणि शरीरात त्याचा नायट्रिक ऑक्साइड वायू होतो. त्यानं रक्तवाहिन्या सैल होतात आणि तेवढ्याच कामाला स्नायूंना ऑक्सिजन थोडा कमी लागतो. म्हणूनच रस प्यायल्यावर जंतुनाशक माऊथवॉशनं चूळ भरलीत तर रस वाया गेला म्हणून समजा. जिवाणू मेले की साखळीच तुटली. बीट उकडून पाणी ओतून दिलं तरी तोटाच, नायट्रेट पाण्यात उतरतं. कच्च्या बीटचा रस काढा. अर्धा लिटर रसाला साधारण किलोभर बीट लागतं, आणि तो पळण्याच्या अडीच-तीन तास आधी प्यायचा. दुसऱ्या दिवशी लघवी लाल झाली तर घाबरू नका. मात्र मुतखड्याचा त्रास असेल तर हा उद्योग करू नका, बीटमध्ये ऑक्झलेट बरंच असतं.

आता आकड्यांची गंमत. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठात 2009 साली आठ पुरुषांना सहा दिवस रोज अर्धा लिटर बीटचा रस दिला. जोरदार सायकलिंगमध्ये ते दमेपर्यंत साधारण 16 टक्के जास्त वेळ टिकले. हा आकडा ऐकून कुणीही हुरळून जाईल. पण दमेपर्यंत टिकणं वेगळं आणि ठरलेलं अंतर पळणं वेगळं. ठरलेल्या अंतराच्या वेळेत फरक पडलाच तर तो एक-दोन टक्क्यांचा असतो, आणि कसलेल्या धावपटूंमध्ये तोही पुष्कळदा दिसत नाही. तुमची वेळ पाच मिनिटं चाळीस सेकंद असेल, म्हणजे 340 सेकंद, तर एक टक्का म्हणजे जवळजवळ साडेतीन सेकंद. काहीही न पिता दोन वेगवेगळ्या दिवशी पळालात तरी एवढा फरक सहज पडतो.

शिवाय मनाचा खेळ आहेच. 2006 साली छापलेल्या एका प्रयोगात सायकलपटूंना सांगितलं की तुम्हाला कधी कॅफिनची जास्त मात्रा, कधी कमी, तर कधी नुसतीच साखरेची गोळी मिळेल. प्रत्यक्षात कॅफिन कुणालाच दिलं नव्हतं. आपण जास्त मात्रा घेतलीय असं वाटलं तेव्हा त्यांची ताकद सुमारे तीन टक्क्यांनी वाढली, आणि नुसतीच साखरेची गोळी मिळालीय असं वाटलं तेव्हा ती थोडी घटली. म्हणून संशोधक बीटच्या रसातलं नायट्रेट गाळून काढतात आणि त्याच रंगाचा, त्याच चवीचा रस तुलनेसाठी पाजतात. घरी आपल्याला ते जमणार नाही, जीभच लाल होऊन सांगते.

जमेल ते असं. चार धावा ठरवा, दोन रस पिऊन, दोन न पिता, मध्ये किमान तीन दिवस. कधी रस आणि कधी नाही ते नाणेफेकीनं ठरवा, आणि घड्याळ धरणाऱ्याला कळू देऊ नका. बूट तेच, वेळ तीच, नाश्ता तोच. मैदान टेपनं मोजा, कारण छोट्या गोल फेऱ्यांत मोबाइलचा जीपीएस हमखास चुकतो. जून ते सप्टेंबर हा प्रयोग करूच नका, खानापूरकडच्या चिखलात कुठलीही वेळ दुसऱ्या वेळेशी जुळत नाही. रसाच्या दोन्ही वेळा बिनरसाच्या दोन्ही वेळांपेक्षा कमी आल्या तरच पुढं विचार करा.

कॅफिनचा पुरावा बीटपेक्षा भक्कम. दर किलो वजनामागं 3 मिलिग्रॅम, पळण्याच्या तासभर आधी. साठ किलोच्या पोराला 180 मिलिग्रॅम झालं. कपभर चहात साधारण तीस ते पन्नास मिलिग्रॅम असतं, म्हणजे चहानं हा हिशेब जमत नाही, कडक कॉफी लागते. पण रक्तातलं निम्मं कॅफिन जायला सुमारे पाच तास लागतात. संध्याकाळच्या सरावाला घेतलंत तर रात्रीची झोप गेली, आणि झोपेचं नुकसान कॅफिनच्या फायद्याहून मोठं.

सोड्याची मात्रा दर किलोला 0.3 ग्रॅम, म्हणजे साठ किलोला 18 ग्रॅम. त्यात जवळजवळ पाच ग्रॅम सोडियम, वर ढेकर, मळमळ आणि जुलाब. भरतीच्या रांगेत उभं राहून ते कुणी सोसू नये. क्रिएटिन कुस्ती आणि कबड्डीच्या ताकदीच्या कामाला चालतं, रोज तीन ते पाच ग्रॅम. पण त्यानं अंगात पाणी धरून वजन किलो-दीड किलो वाढतं. पैलवानाचा वजनगट हुकतो आणि सोळाशे मीटरवाल्याला ते ओझंच.

खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त सेकंद पहिल्या फेरीत जातात. 84 सेकंदांच्या चार फेऱ्या म्हणजे पाच मिनिटं छत्तीस. पोरं पहिली फेरी 74 मध्ये मारतात. फुफ्फुसं आणि हृदय पूर्ण वेगाला यायला मिनिट-दोन मिनिटं लागतात, तोवरचा खर्च स्नायू उधारीवर करतात, आणि तिसऱ्या फेरीत पाय दगड होतात. आठवड्यातून दोनदा 400 मीटरच्या सहा फेऱ्या, प्रत्येक 82 ते 84 सेकंदांत, मध्ये दोन मिनिटं चालणं. घड्याळ बघून पहिली फेरी रोखायची सवय यातूनच लागते.

राहिला डब्याचा प्रश्न. 2004 साली जर्मनीतल्या कोलोनच्या प्रयोगशाळेनं 13 देशांतल्या 634 पूरक पदार्थांची तपासणी जाहीर केली. त्यातल्या 94 मध्ये लेबलवर न लिहिलेले, संप्रेरकांच्या जातीचे घटक निघाले. कुस्ती-कबड्डीत वरच्या स्पर्धांना जाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, कारण डोपिंग चाचणीच्या (बंदी असलेल्या औषधांच्या तपासणीच्या) नमुन्यात काही सापडलं की जबाबदारी खेळाडूची, दुकानदाराची नव्हे. डबा घेतलाच तर बॅच नंबर आणि बिलाचा फोटो काढा, आणि पुढं वाद झाला तर तपासता यावी म्हणून तळातली दोन चमचे पावडर त्याच डब्यात झाकण लावून ठेवून द्या.