काडेपेटीतली हिरवळ

(मे महिन्यात अंबाजोगाईच्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. बोलायला लागण्याआधी एक काम उरकून घेते. ही काडेपेटी बघा. हिच्यात बोटाच्या पेराएवढा एक काळपट पापुद्रा आहे. दिवाळीच्या सुमारास आमच्या गल्लीतला जुना वाडा पाडला, त्याच्या परसातल्या भिंतीवरून हा निखळून पडला होता. तेव्हापासून माझ्या कपाटात आहे. सहा महिने पाण्याचा थेंब नाही. आता तो या बशीत ठेवते आणि वर थोडं पाणी घालते. झालं. पुढं बसलेल्या मुलांनो, बशीवर लक्ष ठेवा. मी बोलत राहते.

मी सव्वीस वर्षं केज तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर विज्ञान शिकवलं. पुस्तकात एक वाक्य असायचं, 'वनस्पतीसृष्टीचे उभयचर'. म्हणजे जमिनीवर राहूनही पाण्यावाचून ज्यांचं अडतं अशा वनस्पती. शेजारी फ्युनारिया नावाच्या अशाच एका इवल्या वनस्पतीचं चित्र. मुलं ते पाठ करायची, परीक्षेत लिहायची. एकदा पावसाळ्यात जेवणाच्या सुट्टीत एक मुलगी धावत आली आणि मला हाताला धरून पाण्याच्या टाकीमागं घेऊन गेली. तिथं भिंतीच्या बुडाशी पोपटी मखमल होती आणि तिच्यातून केसाएवढे तांबूस दांडे वर आलेले, प्रत्येकाच्या टोकाला इवलीशी बोंडी. "बाई, ह्ये आपल्या पुस्तकातलंच हाय का?" पुस्तकातलंच होतं. त्या टाकीवर मी रोज हात धूत होते. त्या दिवसापासून मी बघायला लागले, असं मी मानते.

लोक याला शेवाळ म्हणतात. विहिरीतलं निसरडं शेवाळ वेगळं. याला पुस्तकात हरिता म्हणतात, मी आज मॉस म्हणते. याला मूळ नसतं. खाली जे धागे दिसतात ते मुख्यतः भिंत धरून ठेवायला. आपल्या ज्वारीच्या ताटात पाणी वर चढवणाऱ्या नळ्या असतात, तशाही यात नाहीत. पान बहुतेक एकाच पेशीच्या जाडीचं. त्यामुळं पाऊस आला की सगळं अंग एकदम पाणी पितं, आणि ऊन पडलं की सगळं अंग तितक्याच लवकर वाळतं. ज्वारी इतकी वाळली तर तिचा कडबा होतो. मग कितीही पाणी घाला, कडबाच भिजेल. मॉसच्या पेशीत मात्र साखर आणि काही प्रथिनं असतात, ती आतली मांडणी ढासळू देत नाहीत. पाणी मिळालं की डागडुजी सुरू होते आणि काम पुढं चालू.

मात्र हे जागं होणं फुकट पडत नाही, आणि हे मला फार उशिरा कळलं. ओल लागल्यावर सुरुवातीचा काही काळ साठवलेलं अन्न दुरुस्तीवर खर्च होतं. तो खर्च भरून निघायला पुढं बराच वेळ ओल टिकावी लागते. शिंतोडा येऊन गेला आणि लगेच कडक ऊन पडलं, तर मॉस तोट्यात जातं. असं पुन्हा पुन्हा झालं की ते खरोखर मरतं. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. मृगाचा पाऊस येतो, आपण पेरतो, मग पंधरा-वीस दिवस आभाळ कोरडं. उगवलेलं जळून जातं आणि उसनवारीवर दुबार पेरणी करावी लागते. आपल्या घराच्या भिंतीवरचा हा जीवही दुबार पेरणीचं दुःख भोगतो. आपल्याला त्याचं नाव माहीत नसतं, एवढंच.

आपल्याकडं कुणी पाहुणा आला की आपणच सांगतो, इथं काय आहे बघायला, माळ आहे नुसता. मला हे वाक्य लागतं. मुकुंदराजांच्या समाधीकडं दरीत उतरताना एप्रिलमध्ये कडेचे दगड काळे दिसतात. तो काळेपणा दगडाचा नाही. हात लावून बघा, कुरकुरीत लागतो. तेच दगड श्रावणात हिरवे असतात.

रानातल्या झाडांची नावं मला कॉलेजात मिळाली नाहीत. ती खुरपायला येणाऱ्या बायांनी दिली. काय ठेवायचं आणि काय उपटायचं, हे ज्यांना दिवसभर ओणवं राहून ठरवावं लागतं, त्यांची नजर पक्की असते. दोन पानांवर असलेलं रोप त्या ओळखतात. मी शाळेतून परतताना एका बांधावर वाकून बघत होते, तर एक मावशी म्हणाल्या, "काय बघायलाव ओ बाई? तरोटा हाय त्यो." मग त्यांनी मला केना, कुंजीर, पाथरी, घोळ, कुर्डू एकेक करून दाखवलं. कशाची भाजी कोवळी असतानाच खायची, कशाला आधी उकळून पाणी टाकायचं, हेही. "बहात्तर साली ह्या तरोट्यानं जगिवलं आमाला," असं त्या म्हणाल्या. माझी आईसुद्धा हेच सांगायची. तरोट्याचं बी टणक सालीचं, ते मातीत पडून राहतं आणि सगळंच्या सगळं एकाच पावसात उगवत नाही. काही पुढच्या वर्षासाठी मागं राहतं. त्या झाडाचं आणखी एक बघा. दिवेलागणीला त्याची पानं मिटतात. तीन जोड्या असतात पानांच्या, त्या समोरासमोर येऊन चिकटतात. जुलैमध्ये संध्याकाळी पाच मिनिटं उभं राहायचं, इतकंच.

आता हे बांध तणनाशकानं पिवळे पडायला लागलेत. खुरपणीची मजुरी परवडत नाही, माणसं मिळत नाहीत, हे मला माहीत आहे. रानात काय फवारायचं ते तुम्ही ठरवा. बांध तेवढा सोडा, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

पतंगांविषयी बोलायचं तर आपल्याला आधी कापूस आठवतो, आणि ते रास्त आहे. 2017 साली गुलाबी बोंडअळीनं किती घरं बुडवली ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ती अळी म्हणजे एका लहानशा, मातकट पतंगाचं पिल्लू. कामगंध सापळ्यात मादीचा वास लावलेला असतो, म्हणून त्यात फक्त नर येतात. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग आले की उपाय करायची वेळ झाली असं समजतात. ही अळीसुद्धा थांबायला शिकलेली आहे. पीक संपलं की बोंडात, सरकीत सुप्तावस्थेत पडून राहते. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावर त्याच झाडांवर पुन्हा कापूस, घेऊ नका, पऱ्हाटी म्हणजे कापसाची वाळलेली झाडं रानात ठेवू नका असं सांगतात ते यासाठीच.

पण एका अळीपायी सगळ्या पतंगांना वैरी ठरवू नये. भाद्रपदात एका मुलानं तिळावरची अळी डब्यात घालून आणली होती. बोटाएवढी जाड, शेपटीवर खरबरीत वाकडं शिंग. आम्ही डब्यात भुसभुशीत माती भरली. दोन दिवसांत ती मातीत शिरली आणि नवरात्राच्या आसपास एका सकाळी पतंग होऊन बाहेर आली. तळहात भरेल एवढा, पिवळं-काळं अंग आणि पाठीवर कवटीसारखा ठसा. मुलानं त्याला हळूच धरलं तर तो चक्क चीं चीं करून ओरडला. सोंडेतून हवा खेळवून तो हा आवाज काढतो. रात्री मधमाश्यांच्या पोळ्यात शिरून मध पिणारा हाच. त्याच्या अंगाचा वास माश्यांसारखा असतो, त्यामुळं त्या त्याला फारसं ओळखत नाहीत. मुलाची आजी म्हणाली, अशुभ पाखरू आहे, घरात नको. आम्ही ते संध्याकाळी शाळेमागच्या धोतऱ्यापाशी सोडलं. मुलगा अंधार पडेपर्यंत तिथून हलला नाही.

आणखी एक लहान पतंग सांगते. पांढरा, अंगावर लाल-काळे ठिपके, दिवसाही उडतो. ताग किंवा खुळखुळा असेल तिथं हमखास दिसतो. त्या झाडांतलं विष त्याची अळी खाते आणि अंगात साठवते, मग पाखरं त्याच्या वाटेला जात नाहीत. आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर ओसरीच्या दिव्यावर जी गर्दी होते, त्यातले कितीतरी आत्ता, या मे महिन्यात, बांधाच्या मातीत कोष होऊन पडलेले आहेत. आपण त्यांच्यावरून चालत इथं आलो.

बघू ती बशी. मुलांनो, कधी बदललं? पाच मिनिटांतच? पानं उलगडलीत बघा, चुरगाळलेली होती ती सरळ झाली. ही बशी मागच्या रांगेपर्यंत जाऊ द्या. बोट लावलं तरी चालेल, खरवडू नका. आणि शेवटी ज्याच्या हातात राहील त्यानं ती बाहेर पाण्याच्या माठाखाली ठेवावी, तिथं थेंब गळतो. मी त्याला उठवलंय, आता पाऊस लागेपर्यंत त्याला पुन्हा वाळू द्यायचं नाही. ग्रंथपाल ताईंना मी तसं सांगून ठेवलं आहे.