कुठला चाफा?

मंडळी, नमस्कार. 'बागेत हवंहवंसं वाटणारं झाड' असा विषय मला दिला आहे. मी त्यातलं एकच नाव घेऊन आले आहे, चाफा. आमच्या घरात दोन पिढ्या झाडाची हौस म्हटलं की चाफाच डोळ्यांपुढे यायचा.

माझ्या आईचं माहेर कुडाळजवळचं. परसात विहीर, विहिरीच्या कडेला सोनचाफा. पहाटे आकडीनं फुलं काढायची आणि देवघरात पोचेपर्यंत हातांना वास लागलेला असायचा. लग्न होऊन ती सोलापूरला आली. वडिलांनी तिच्यासाठी तीन वेळा सोनचाफ्याचं रोप आणलं. एकदा तर थेट तिच्या माहेराहून, एसटीनं, मांडीवर पिशवी धरून. तिन्ही वेळा तेच झालं. पावसाळाभर रोप बरं दिसायचं, दिवाळीनंतर शेंड्याची पानं फिकट व्हायची, मग पिवळी पडायची, कडा करपायच्या आणि वैशाखात नुसती काडी उरायची. शेजारणी म्हणायच्या, पाणी कमी पडतंय. मग आई आणखी पाणी घालायची. शेवटी म्हणाली, "माझ्या हाताला यश नाही." त्यानंतर तिनं चौथं रोप आणू दिलं नाही.

तिच्या हाताचा काही दोष नव्हता. हे मला कळलं तेव्हा ती राहिली नव्हती. तिला सांगायचं राहून गेलं, ते आज तुम्हाला सांगते.

सोनचाफा हे मुळात भरपूर पावसाच्या जंगलातलं झाड. पश्चिम घाटात आणि ईशान्येकडे ते उंचच उंच वाढतं. पायाशी पालापाचोळा कुजलेला, माती थोडी आंबट, मुळांशी कायम ओल, पण पाणी साचलेलं नाही. आमच्या सोलापूरच्या अंगणात काळी चिकण माती, तिच्यात चुनखडीचे खडे आणि विहिरीचं पाणी जड. अशा मातीत लोह नसतं असं नाही. असतं, पण चुन्यामुळे ते झाडाला उचलता येत नाही. लोहाशिवाय पानातला हिरवा रंग तयार होत नाही. आणि जड पाणी जितकं जास्त घालाल तितका तो चुना वाढतो, शिवाय चिकण मातीत मुळं गुदमरतात. म्हणजे आई मायेनं जे करत होती, त्यानंच रोप आणखी खचत होतं.

पान बघायची सवय लावून घ्या. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या, असं दिसलं तर लोह मिळत नाहीये. खालची जून पानं सरसकट पिवळी पडत असतील तर नत्र कमी पडतंय, तिथे शेणखत द्या. दोन्हींना 'पान पिवळं पडलं' असंच म्हणतात आणि दोन्हींवर एकच उपाय करतात, म्हणून रोपं जातात. पुण्यात बोअरचं किंवा टँकरचं पाणी वापरणाऱ्यांच्या गच्चीत पहिला प्रकार मला फार वेळा दिसला आहे. त्यावर हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार (फेरस सल्फेट) चालतो, लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम, सकाळच्या वेळी पानांवर फवारायचा. पण तो तात्पुरता आधार आहे. खरं काम मातीत करायला हवं. कुंडी निदान दीड फूट रुंद, खाली भोकं मोकळी, लाल माती, तितकंच पानांचं कुजलेलं खत, थोडं शेणखत, मूठभर निंबोळी पेंड. पावसाचं पाणी पिंपात धरून ठेवता आलं तर सोनचाफ्यासाठी धरा. आईला एवढं करता आलं असतं, तिच्या परसात मोठा रांजण होता. कुणी सांगितलं नाही.

आता रोप कुठलं घ्यायचं. बियांपासून वाढलेल्या सोनचाफ्याला फूल यायला सात-आठ वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. बी रुजवायची हौस असेल तर लाल गर धुऊन लगेच पेरा. हे बी साठवणीत टिकत नाही, थोड्याच आठवड्यांत रुजण्याची ताकद घालवून बसतं. घरासाठी मात्र कलम घ्या. कलमाला वर्ष-दोन वर्षांत फूल येतं आणि छाटून ते आटोक्यात ठेवता येतं. वसईच्या वाड्यांतून दादरच्या फूलबाजारात जो सोनचाफा येतो, तो अशाच बेतानं वाढवलेल्या झाडांचा.

कलम घेताना मी स्वतः फसले आहे, म्हणून जरा थांबते. एका रोपवाटिकेतून मी मोठ्या आशेनं कलम आणलं. पहिल्या उन्हाळ्यात त्याचा वरचा भाग वाळला आणि जोडाच्या खालून जोमदार फूट आली. मला वाटलं, झाड वाचलं. चार वर्षं त्याची सेवा केली. पानं सोनचाफ्याचीच, वाढ भरघोस, कळी मात्र एकही नाही. मग एका जाणकार माळीदादांनी खोडाशी बसून बोट ठेवून दाखवलं, "ताई, जोड इथे आहे आणि तुमचं सगळं झाड त्याच्या खालचं आहे. हा खुंट वाढवलात तुम्ही." खुंट म्हणजे बियाचं रोप. मी पुन्हा आईच्याच रांगेत येऊन उभी राहिले होते, वाट बघत. तेव्हा कलम घेताना जोड बोटानं चाचपून बघा. तो मातीच्या वर राहील असं लावा. आणि जोडाखाली आलेली फूट कितीही देखणी असली तरी नखानं खुडून टाका.

तो खुंट मी काढला नाही. नवव्या वर्षी त्याला फुलं आली, फिकट रंगाची, पण वास तोच.

एवढं सगळं सोनचाफ्याचं झालं. पण आपल्या भाषेत चाफा म्हणजे एक झाड नाही. वास आवडला की आपल्या लोकांनी त्या झाडाला चाफा म्हटलं. सोनचाफा, हिरवा चाफा, कवठी चाफा, नागचाफा, भुईचाफा, देवचाफा, आणि मुचकुंदाला कनकचंपा. यांतला कवठी चाफा तेवढा सोनचाफ्याच्या कुळातला. बाकीचे कुणी आल्याच्या घरातले, कुणी कण्हेरीच्या. 'मला चाफा द्या' असं सांगून पिशवी घरी आणली की मनातला वास एक आणि दारातलं झाड दुसरं, असं होतं. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअस यानं १७५३ मध्ये सोनचाफ्याला शास्त्रीय नाव दिलं, त्यात आपला चंपक 'चंपाका' म्हणून आहे. तेव्हा नावावर खरा हक्क सोनचाफ्याचा.

हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला. त्याला वेल म्हणा किंवा चढणारं झुडूप, आकड्यांनी धरत जातं. फूल पानासारखंच हिरवं, त्यामुळे आधी वास येतो आणि मग पानं बाजूला करत फूल शोधावं लागतं. पिवळं पडलं की पिकल्या फळासारखा गोड दरवळ. अर्ध्या सावलीत, भिंतीशी, मजबूत आधार देऊन लावा. आणि इथे मला फार आवडणारी एक गोष्ट आहे. काळ्या पंखांवर हिरवे ठिपके असलेलं एक चपळ फुलपाखरू सोनचाफ्यावरही अंडी घालतं आणि हिरव्या चाफ्यावर, सीताफळावर, उंच सरळ अशोकावरही. वनस्पतिशास्त्रज्ञ सांगतात, ही दोन्ही कुळं एकाच मोठ्या गणातली, दूरची भावंडं. आपण वासावरून नातं जोडलं, त्या फुलपाखराला पानातूनच ते कळतं. चार पानं अळ्यांनी खाल्ली तर खाऊ द्या. झाड काही त्यामुळे मरत नाही, कीटकनाशक मारू नका.

नागचाफा, म्हणजे नागकेशर, फार सुंदर, पण फार सावकाश वाढतो आणि पुढे मोठा वृक्ष होतो. शेत असेल तर लावा. गच्चीत नको.

या टेबलावर जी कुंडी आहे तीत एकही पान नाही, नुसत्या मातीतून पांढरी-जांभळी फुलं वर आली आहेत. हा भुईचाफा, आल्या-हळदीच्या कुळातला. चैत्रात आधी फूल, मग पान. पावसाळाभर पानं छान राहतात, थंडीत ती वाळून नाहीशी होतात आणि लोक झाड मेलं म्हणून कुंडीत दुसरं काही लावून टाकतात. तसं करू नका. पानं गेली की पाणी बंद करा, कुंडी कोपऱ्यात ठेवा आणि तिच्यावर नाव लिहून ठेवा. ज्यांच्याकडे सकाळचं दोन तास ऊन येणारी छोटी गॅलरी आहे, त्यांना मी पहिल्यांदा भुईचाफाच सुचवेन.

राहिला देवचाफा. त्याला पांढरा चाफा म्हणा, खुरचाफा म्हणा. देवळाच्या आवारात इतका रुळलाय की तो इथला नाही हे खरं वाटत नाही. मूळचा मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांकडचा. लाओस देशाचं राष्ट्रीय फूल हेच आणि तिथेही त्याला चंपाच म्हणतात. त्याच्या फुलात मध नसतो. रात्रीच्या मोठ्या पतंगांना तो नुसत्या वासावर बोलावतो, पतंग या फुलावरून त्या फुलावर मध शोधत फिरतात. शेंगा क्वचितच धरतात, म्हणून झाड फांदीनंच वाढवायचं. जाड फांद्यांत पाणी साठवतो, चुनखडी चालते, ऊन चालतं. पावसाळ्यात पानांच्या मागे नारिंगी भुकटी दिसली तर तो तांबेरा, गळलेली पानं गोळा करून टाका, एवढंच त्याचं दुखणं.

सोलापूरच्या आमच्या अंगणात देवचाफा होता. वडिलांनी तिसरं रोप गेल्यावर एका देवळातून फांदी आणून फाटकाशी खोचली होती. आई त्याला चाफा म्हणत नसे, 'ते देवळातलं झाड' म्हणायची. पण संध्याकाळी तिची खुर्ची तिथेच असायची आणि शेवटच्या वर्षी अंथरुणाला खिळली तेव्हा खिडकी त्याच बाजूची उघडायला सांगायची. घर विकलं तेव्हा मी एक फांदी घेऊन आले. फांदीतून वाढलेलं झाड म्हणजे नवं झाड नव्हे, तेच झाड. आता ते आमच्या सोसायटीच्या कुंपणापाशी उभं आहे.

त्याच्या चोवीस फांद्या आज बाहेर ठेवल्या आहेत. ज्यांना हवी त्यांनी एकेक न्या. दहा दिवसांपूर्वी कापून सावलीत ठेवल्या होत्या, चीक सुकलेला आहे. पुन्हा कापू नका, तो चीक डोळ्यांत गेला तर आग होते. ज्या टोकाला खडूची खूण आहे ते खाली. निम्मी वाळू मिसळलेल्या मातीत चार बोटं खोल रोवा, काठीचा आधार द्या आणि एकदाच पाणी घाला. पुढचं पाणी पान फुटल्यावर. महिना-दीड महिना नुसती काडी दिसेल, तेव्हा उपटून बघू नका आणि काळजीपोटी पाणीही घालू नका.