हरल्यावर काय केलं ते सांगा

नमस्कार मंडळी, ठाण्यातून बोलतोय, बाहेर पाऊस धो धो चाललाय, तलावपाळीवरून चालत येताना छत्री दोनदा उलटी झाली, त्यामुळे मधेच शिंक आली तर सांभाळून घ्या.

आज विषय बॉक्सिंगचा, त्यातही हेवीवेट. म्हणजे ते थोराड लोक, एक ठोसा बसला की खेळ खल्लास. हा विषय डोक्यात कुठून शिरला ते सांगतो. आमच्याकडे वर्तकनगरच्या बाजूला एक छोटीशी जिम आहे, दोन पंचिंग बॅग, त्यातली एक उसवलेली, तिला ब्राऊन टेप गुंडाळलाय. तिथे रोज सकाळी एक नाना येतात, वय अडुसष्ट, बॉक्सर मोहम्मद अलीचे भक्त. आणि माझा भाचा येतो, वय बावीस, हा मोबाईलवर माइक टायसनचे रील बघून मोठा झालेला. परवा भाचा सहज म्हणाला, टायसनने अलीला दुसऱ्या राऊंडमध्येच झोपवला असता. नानांनी हातातला डंबेल खाली ठेवला. झालं, जिममध्ये सुरू झालेला वाद वडापावच्या गाडीपर्यंत गेला, गाडीवाला पण त्यात पडला, त्याला बॉक्सिंगमधलं काही कळत नाही पण त्याचं मत होतं.

हे आपल्याला नवीन नाही म्हणा. गावस्कर की सचिन हा वाद ठाण्याला फास्ट लोकलमध्ये सुरू झाला तर मस्जिद बंदर आलं तरी संपत नाही, एक म्हणतो हेल्मेट नव्हतं बाबा तेव्हा, दुसरा म्हणतो अरे पण वन डे किती असायच्या. तसंच आहे हे.

आणि गंमत म्हणजे हा वाद मिटवायचा सगळ्यात मोठा उद्योग रेडिओनेच केलाय, म्हणून तर मी आज इथे बसून बोलतोय. १९६७ साली अमेरिकेत मायामीच्या एका निर्मात्याने, मरे वोरोनर त्याचं नाव, जुन्या-नव्या हेवीवेट चॅम्पियन लोकांची सगळी माहिती गोळा करून कॉम्प्युटरला खायला घातली आणि त्यातून जे निकाल आले त्यांची रेडिओवर कॉमेंट्री केली, अगदी बेल, पब्लिकचा आरडाओरडा वगैरे सगळं. फायनलमध्ये रॉकी मार्सियानोने जॅक डेम्प्सीला हरवलं. पण त्याआधी काय झालं, तर अलीला जिम जेफ्रीजने हरवलं. जेफ्रीज म्हणजे १८९९ चा चॅम्पियन! अली भडकला, माझी बदनामी केली म्हणून त्याने सरळ दहा लाख डॉलरचा दावा ठोकला. शेवटी तडजोडीत ठरलं की अली आणि मार्सियानो दोघांनी खरोखर रिंगमध्ये उतरून शूटिंग करायचं, छोटे छोटे राऊंड, शेवट निरनिराळे घेऊन ठेवायचे आणि कॉम्प्युटर सांगेल तो जोडायचा. १९६९ मध्ये ते शूट झालं. मार्सियानो रिटायर होऊन १३ वर्षं झालेली, त्याने बिचाऱ्याने बरंच वजन उतरवलं, डोक्यावर विग चढवला. शूटिंगनंतर थोड्याच दिवसांत, ३१ ऑगस्टला, तो विमान अपघातात गेला, दुसऱ्या दिवशी त्याचा शेहेचाळिसावा वाढदिवस होता. जानेवारी १९७० मध्ये थिएटरात ते दाखवलं तेव्हा अमेरिकेत मार्सियानो तेराव्या राऊंडला जिंकला, आणि युरोपात दाखवलेल्या आवृत्तीत अली जिंकला. म्हणजे कॉम्प्युटर पण गाव बघून निकाल देतो!

आता मुद्द्यावर येतो. भाच्याचा पहिला मुद्दा असतो की आजचे लोक बघा मामा केवढे असतात. खरंय. ठाणे स्टेशनवर पूर्वी ते वजनाचं मशीन असायचं ना, नाणं टाकलं की लाइटं लुकलुकायची आणि तिकीट यायचं, त्यावर वजन आणि मागे भविष्य. त्या मशीनवर मार्सियानोला उभं केलं असतं तर ८५ किलो आलं असतं, डेम्प्सीचंही तेवढंच. आज प्रोफेशनल बॉक्सिंगमध्ये ९०.७ किलोपर्यंत क्रूझरवेट, म्हणजे हेवीवेटच्या खालचा गट, धरतात, म्हणजे हे दोघे दंतकथा झालेले लोक आजच्या हिशोबाने हेवीवेटच नाहीत. आणि टायसन फ्युरी, हा आजच्या काळातला, भाच्याचा टायसन वेगळा, २०२० मध्ये डिओन्टे वाइल्डरशी दुसऱ्यांदा लढला तेव्हा १२४ किलोचा होता, उंची सहा फूट नऊ इंच. मार्सियानो पाच फूट दहा. आता बोला.

पण मग नाना म्हणतात की १९१९ ला डेम्प्सीने जेस विलार्डला काय केलं ते सांग. विलार्ड साडेसहा फुटांचा, डेम्प्सीपेक्षा पंचवीसेक किलो जड, आणि पहिल्याच राऊंडमध्ये सात वेळा खाली पडला. आणि २०२४ मध्ये रियाधला फ्युरीला पॉइंट्सवर कोणी हरवलं, तर युक्रेनच्या उसिकने, जो क्रूझरवेटमधून वर आलेला. म्हणजे वजन लागतं पण नुसतं वजन नाही लागत. आपल्या तालमीत उस्ताद सांगायचेच की, अंगाने मोठा असला म्हणून डाव येतो असं नाही.

राऊंडचं पण तसंच. १९१५ ला हवानामध्ये जॅक जॉन्सन आणि विलार्डची फाईट ४५ राऊंडची ठरलेली, सव्वीसाव्या राऊंडला जॉन्सन पडला. नंतर टायटलची फाईट १५ राऊंडची झाली. मग १९८२ मध्ये किम डुक कू नावाचा कोरियन बॉक्सर फाईटनंतर दगावला आणि हळूहळू सगळीकडे १२ वर आलं. कमी झालेले तीन राऊंड म्हणजे फक्त नऊ मिनिटं, पण मार्सियानोने टायटल जिंकलं तेच तेराव्या राऊंडला! १९५२, समोर जर्सी जो वॉलकॉट, मार्सियानो पहिल्याच राऊंडला खाली पडलेला, पॉइंट्सवर मागे, आणि तेराव्यात एकच उजवा हात असा बसला की वॉलकॉट दोरखंडाला लोंबकळला. आजच्या नियमाने ती फाईट बाराव्या राऊंडला संपली असती आणि मार्सियानो हरला असता, मग ४९ पैकी ४९ फाईट जिंकल्याचा त्याचा रेकॉर्ड कुठून येणार होता. जुनी फिल्म बघून हसणाऱ्यांना पण एक सांगायचंय, ते कॅमेरे हाताने फिरवायचे, चुकीच्या स्पीडने चालवलं की सगळे चार्ली चॅप्लिनसारखे टुकटुक पळतात, तो बॉक्सरचा दोष नाही.

तर वजन वेगळं, राऊंड वेगळे, डाएट-बिएट सगळं वेगळं, मग तुलना करायची कशी? मी त्या वडापावच्या गाडीवर एक मोजपट्टी काढली, ती तुमच्यापुढे ठेवतो. हरल्यावर काय केलं ते सांगा. ज्याने तुला पाडलं त्याच्यासमोर परत उभा राहिलास का, आणि राहिलास तर तेव्हा काय झालं. हे १९१० मध्ये पण तेवढंच अवघड होतं आणि आज पण तेवढंच अवघड आहे, याला वजनकाटा लागत नाही.

जो लुईस घ्या. १९३६ ला जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगने त्याला बाराव्या राऊंडला नॉकआऊट केलं. श्मेलिंग हुशार माणूस, त्याने लुईसच्या फिल्म परत परत बघितल्या आणि त्याला एक गोष्ट दिसली, डावा जॅब, म्हणजे सरळ ठोसा, मारून झाला की लुईस तो हात परत येताना खाली पाडतो, गालासमोर फट राहते. त्या फटीतून श्मेलिंग रात्रभर उजवा हात घालत राहिला. पुढच्या वर्षी लुईस वर्ल्ड चॅम्पियन झाला, पण तो म्हणायचा की श्मेलिंगला हरवेपर्यंत मला चॅम्पियन म्हणू नका. आणि २२ जून १९३८ ला न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर, पुढे महायुद्ध दिसतंय, एकीकडे हिटलरची जर्मनी एकीकडे अमेरिका, आणि स्वतःच्या देशात ज्याला शेजारच्या बाकावर बसू देत नाहीत असा हा काळा माणूस अख्ख्या अमेरिकेच्या वतीने उभा, सत्तर हजार पब्लिक, फाईट किती चालली तर १२४ सेकंद. दोन मिनिटं चार सेकंद. आपल्या तीन हात नाक्याचा सिग्नल याच्यापेक्षा जास्त वेळ लाल असतो असं मला तरी रोज वाटतं. त्यानंतर १९४९ पर्यंत टायटल त्याच्याकडेच, २५ वेळा राखलं, हेवीवेटमध्ये अजून कोणी तिथे पोचलेलं नाही.

मग अली. नाना खुश. अलीच्या रेकॉर्डमध्ये पाच पराभव आहेत. १९७१ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जो फ्रेझियर, १९७३ ला केन नॉर्टनने जबडा मोडला, १९७८ ला लिऑन स्पिंक्स. तिघांनाही त्याने नंतर हरवलं. नॉर्टनला तर त्याच वर्षी आणि फ्रेझियरला दोनदा, १९७४ ला आणि मग १९७५ ला मनिलामध्ये, चौदा राऊंड, असली गरमी, फ्रेझियरचा डोळा सुजून बंद झालेला, त्याचे ट्रेनर एडी फच यांनी पंधराव्या राऊंडला त्याला उठूच दिलं नाही. हे फच म्हणजे तेच ज्यांनी नॉर्टनला तयार केलं होतं. अलीच्या खेळातली भोकं ज्या माणसाला पाठ होती त्याच्या दोन्ही शिष्यांना अली परत येऊन हरवून गेला, आणि ते सुद्धा साडेतीन वर्षं लायसन्स काढून घेतलेलं, पाय आधीसारखे चालत नाहीत अशा अवस्थेत. नाना आफ्रिकेतल्या किन्शासाचं सांगतात, १९७४, समोर जॉर्ज फोरमन, दोराला टेकून आठव्या राऊंडपर्यंत मार खाल्ला आणि मग पाडलं वगैरे, ते आहेच, पण मला विचाराल तर अली कळतो तो नॉर्टनच्या दुसऱ्या फाईटमध्ये. उरलेले दोन पराभव, होम्स आणि बर्बिक, त्या वेळी तो संपलेला होता, ते बघवत नाहीत. त्याच सुमारास, १९८० च्या जानेवारीत, तो दिल्लीला पण येऊन गेला, आपल्या कौर सिंगबरोबर प्रदर्शनी सामना खेळला, आणि त्याच कौर सिंगने १९८२ च्या एशियाडमध्ये सोनं आणलं.

असं आपल्या मातीत पण आहे बरं का. गामा पहिलवान १९१० ला लंडनला झिबिस्को नावाच्या पहिलवानाशी लढला, तो गडी अडीच-एक तास पोटावर पडून राहिला, कुस्ती सुटली बरोबरीत, परत ठरलेल्या दिवशी आलाच नाही. १९२८ ला पतियाळ्याला सापडला, गामाने मिनिटाच्या आत चितपट केला. अठरा वर्षं!

आणि आता टायसन, भाचा कान देऊन ऐक. विसाव्या वर्षी चॅम्पियन, १९८८ ला मायकेल स्पिंक्स ९१ सेकंदात, त्या दोन-तीन वर्षांतला टायसन बघताना माझ्या पण अंगावर काटा येतो, डोकं हलवत आत शिरायचा आणि डावा हूक आधी बरगडीत मग हनुवटीवर. पण १९९० ला टोकियोमध्ये बस्टर डग्लसने दहाव्या राऊंडला पाडला, ती परतफेड झालीच नाही, कारण डग्लस वर्षाच्या आत होलीफील्डकडून हरला आणि पुढे टायसन जेलमध्ये गेला. मग १९९६ ला होलीफील्डने हरवलं. परत संधी मिळाली, जून १९९७, आणि काय केलं, तर कान चावला. मला तो दिवस आठवतो, ऑफिसला जाताना लोकल लेट, पाऊस, आणि डब्यात ज्याच्या हातात पेपर त्याच्या भोवती सहा डोकी, सगळे तो कानाचा फोटो बघतायत.

माझ्या पट्टीवर एक नाव मात्र असं वर येतं की ते कोणी घेतच नाही, लेनॉक्स लुईस. भाच्याला जो लुईस आणि लेनॉक्स लुईस एकच वाटत होते, जाऊ दे. हा ब्रिटनचा, सहा फूट पाच इंच, आयुष्यात दोनदाच हरला, १९९४ ला ऑलिव्हर मॅक्कॉल आणि २००१ ला हासिम रहमान, दोघांनाही परत गाठून हरवलं. रहमानच्या वेळी चूक त्याचीच होती, हॉलिवूडच्या एका सिनेमात छोटं काम करून दक्षिण आफ्रिकेला उशिरा पोचला, त्या उंचीवरच्या हवेची सवय नाही, पाचव्यात पडला. सात महिन्यांनी चौथ्या राऊंडला हिशोब पूर्ण. होलीफील्डशी बरोबरी सुटली होती, त्यालाही नंतर हरवलं. रिटायर झाला तेव्हा ज्याला हरवलं नाही असा एकही प्रतिस्पर्धी मागे नव्हता.

आता माझी पट्टी पण काही सोन्याची नाही, ते पण सांगतो. फ्लॉइड पॅटरसन घ्या, १९५९ ला योहान्सनने त्याला सात वेळा पाडलं, पुढच्या वर्षी त्याने योहान्सनला नॉकआऊट केलं, गेलेलं हेवीवेट टायटल परत मिळवणारा पहिला माणूस. माझ्या पट्टीवर एकदम वर. पण मग सनी लिस्टन आला आणि पहिल्या राऊंडला पाडलं, परत मॅच घेतली तर परत पहिल्याच राऊंडला. हिंमत होती, ठोसा सोसणारी हनुवटी नव्हती. आणि मार्सियानोला तर ही पट्टी लागतच नाही, तो हरलाच नाही, उसिक पण तसाच. या दोघांना मी यादीबाहेर एका वेगळ्या खुर्चीत बसवलंय, नाना म्हणतात ही पळवाट आहे, असेल.

तर माझे तीन, अली, जो लुईस, लेनॉक्स लुईस, याच क्रमाने. हे सगळं ऐकून घेतल्यावर भाचा थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, पण मामा, टायसन आणि डग्लसची दुसरी फाईट झाली असती तर? मी तोंड उघडायच्या आत नाना म्हणाले, "टायसनने मारला असता रे त्याला." अलीचे भक्त नाना! वडापाववाल्याने पण तळण सोडून वर बघितलं.

पाऊस जरा कमी झालाय वाटतं, मी निघतो. नमस्कार.