रव्याच्या ताटातला ‘ध’

[दृश्य: स्टीलचं ताट, रवा, छोटी बोटं]

ताटात रवा आहे, जेमतेम तळ झाकेल इतकाच. जाड थर घातला की रेघ लगेच ढासळते आणि अक्षर उमटत नाही. पहिलीतल्या या मुलीला वाचन जड जातं. ती दोन बोटं एकत्र धरून ‘ध’ गिरवते आहे. तिचा खांदा बघा, सगळा हात फिरतो आहे. बोट चालतं तसा तोंडातून आवाज निघतो, नुसता ‘ध’. ‘ध धनुष्याचा’ असं म्हणायचं नाही, कारण मग मुलाच्या लक्षात धनुष्यच राहतं. ताट हलवलं की अक्षर पुसलं जातं. पुन्हा गिरवायचं. असं पाच वेळा, आणि शेवटच्या वेळी डोळे मिटून.

[दृश्य: घ-ध, भ-म हे पत्ते]

‘घ’ आणि ‘म’ यांच्या डोक्यावरची रेघ सलग असते. ‘ध’ आणि ‘भ’ यांची रेघ डावीकडे तुटते. फरक एवढाच, आणि तोच अशा मुलांच्या हातून निसटतो. ‘गमभन’पासून सुरुवात करायची आपली जुनी रीत आहे, आणि त्यात ‘म’ आणि ‘भ’ शेजारी बसलेत. बऱ्याच मुलांचं त्यानं काही अडत नाही. पण ज्याला वाचन जड जातंय, त्याला ही जोडी एका आठवड्यात देऊ नये. फरक दाखवायला म्हणून दोन्ही समोरासमोर ठेवले तर गोंधळच पक्का होतो. आधी एक अक्षर पक्कं करायचं, मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्यायचे, मग दुसरं.

[दृश्य: आई आणि मुलगी, ओट्याजवळ, मध्ये बटणं]

इथे पाटी नाही, वही नाही, फक्त बटणं आहेत. ‘पाटी’ म्हणताना दोन बटणं सरकवायची: पा, टी. ‘पा’ काढला तर काय उरलं? टी. ‘पा’च्या जागी ‘वा’ ठेवला तर? वाटी. हा खेळ रोज पाच मिनिटं. डिस्लेक्सियात, म्हणजे वाचन-लेखन शिकताना येणाऱ्या अडचणीत, बहुधा अडतं ते इथे, शब्दातले आवाज सुटे करण्यात. म्हणून अक्षराच्या आधी कान. सुरुवातीला काका, मामी, चाफा असेच शब्द घ्या. ‘कमळ’ नको. लिहिताना त्यात तीन अक्षरं असतात, पण आपण बोलतो ‘क-मळ’. मूल दोन बटणं सरकवतं आणि आपण त्याला चूक म्हणतो. त्यानं बरोबर ऐकलेलं असतं.

[दृश्य: लाकडी अक्षरं, लाल वेलांटी]

‘दिवा’. वेलांटी लिहिली जाते ‘द’च्या आधी, ऐकू येते ‘द’च्या नंतर. त्यामुळे मूल ‘दवि’ लिहून बसतं. यावर उपाय असा: आधी ‘द’ ठेवायचा, मग लाल वेलांटी त्याच्या डावीकडे आणायची, आणि हात तिथे असतानाच ‘दि’ म्हणायचं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सध्या सोडून द्या. त्यावर लाल शाई ओतायचं हे वय नाही.

[दृश्य: पुस्तक, चित्रावर ठेवलेला हात]

धडा खडाखडा वाचतंय? चित्र झाका आणि खालच्या ओळीतल्या एखाद्या शब्दावर बोट ठेवा. अडलं तर समजा, धडा पाठ आहे, वाचन नाही. ‘टिमू’, ‘लाबो’ असे अर्थ नसलेले शब्दही द्या. ते पाठ करता येत नाहीत.

पाच-सहा वर्षांचं मूल अक्षर उलटं काढतं, तेवढ्यावरून काही ठरत नाही. काल पक्कं आलेलं अक्षर आज पुन्हा अनोळखी वाटतं, यमक जुळत नाही, घरात आणखी कुणाला वाचन जड गेलंय, असं सगळं एकत्र दिसलं तर थांबू नका. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. मग चाचणी, मूल ज्या भाषांत शिकतं त्या सगळ्या भाषांत. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी २०१५ पासून मराठीतही आहे, आणि तिचा एक भाग खास पहिली-दुसरीसाठी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र आणि परीक्षेतल्या सवलती पुढे येतील. उशीर झाला तर मूल वाचनच टाळायला लागतं.

‘मोठं झालं की येईल’ म्हणत घालवलेली दोन वर्षं भरून काढणं अवघड असतं. रव्याच्या ताटाला कुठलंही प्रमाणपत्र लागत नाही. रोज पंधरा मिनिटं द्या. रविवारी दोन तास बसवून ते भरून निघत नाही.

[दृश्य: रवा डब्यात परत]

ताट रिकामं झालं. उद्याही ‘ध’च आहे. ‘घ’ला अजून पंधरा दिवस आहेत.