दरवाढीचा मेल येण्याआधी

नमस्कार मंडळी. ज्यांच्या सहीने सॉफ्टवेअरची बिलं चुकती होतात, त्यांना तो मेल ओळखीचा असेल. 'आम्ही आमच्या सेवेत सतत सुधारणा करत आहोत' अशी गोड सुरुवात, आणि खाली कुठेतरी तिसऱ्या परिच्छेदात नवा दर. मग अकाउंट्सवाले आयटीला विचारतात, आयटीवाले विभागप्रमुखांकडे बोट दाखवतात, आणि तोवर करार आपसूक पुढच्या वर्षात गेलेला असतो.

दरवाढ आता नवलाची राहिलेली नाही, हे एकदा मान्य करू. पूर्वी सॉफ्टवेअर एकदा घेतलं की पाच-सहा वर्षं तेच चालायचं. नवी आवृत्ती नको वाटली तर घ्यायची नाही. २०१३ मध्ये अ‍ॅडोबीने क्रिएटिव्ह सूटच्या, म्हणजे फोटोशॉप वगैरेंच्या संचाच्या, पुढच्या आवृत्त्या काढायच्या नाहीत असं ठरवलं आणि सगळा कारभार क्रिएटिव्ह क्लाउडच्या वर्गणीवर नेला. २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ही सर्व्हरच्या सॉफ्टवेअरची कंपनी ताब्यात घेतली आणि पुढच्याच महिन्यात तिच्या कायमस्वरूपी लायसन्सची (वापरायच्या परवान्यांची) विक्री थांबवली. 'आहे तेच बरं आहे' म्हणण्याची सोय अशी एकेक करून गेली. मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये ऑफिस ३६५ आणलं. त्याच्या व्यावसायिक प्लॅन्सची पहिली मोठी दरवाढ मार्च २०२२ मध्ये लागू झाली. ऑफिस ३६५ ई-३ प्लॅन माणशी, महिना २० डॉलरवरून २३ वर गेला. ग्राहकांच्या नोंदी सांभाळायचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या सेल्सफोर्सने २०२३ मध्ये सरासरी ९ टक्के आणि २०२५ मध्ये सरासरी ६ टक्के वाढ केली. गूगलने २०२५ च्या जानेवारीत वर्कस्पेसच्या, म्हणजे ऑफिससाठीच्या जीमेल-डॉक्सच्या, बिझनेस प्लॅन्समध्ये आपलं एआय, जेमिनी, घातलं आणि दर चढवला. तुम्हाला एआय हवं होतं का, हे कुणी विचारलं नाही. माझा यावर राग नाही. विकणारा त्याचं काम चोख करतो. घेणारे आपण मात्र आपलं काम करत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

आपलं काम कुठून सुरू होतं? बहुतेकांच्या कॅलेंडरमध्ये रिन्यूअलची तारीख असते. ती जवळजवळ निरुपयोगी आहे. करारात 'मुदत आणि समाप्ती' नावाचं कलम शोधा. सही केलेल्या ऑर्डर फॉर्मवर ते बऱ्याचदा नसतंच, फॉर्मच्या तळाशी दिलेल्या ऑनलाइन अटींत असतं. तिथे लिहिलेलं असतं, की मुदत संपण्याच्या ३०, ६० किंवा ९० दिवस आधी लेखी कळवलं नाही, तर करार तेवढ्याच काळासाठी पुढे चालू राहील. रिन्यूअल ३१ मार्चला असेल आणि नोटीस ९० दिवसांची असेल, तर तुमचा शेवटचा दिवस ३१ डिसेंबर. त्या आठवड्यात अर्धं ऑफिस रजेवर असतं! म्हणून आढाव्याला ऑक्टोबरमध्येच बसायचं. कॅलेंडरमध्ये नोंदवायची ती ही नोटिशीची तारीख.

त्याच कलमाच्या आसपास दराबद्दलचं वाक्यही वाचा. 'त्या वेळी प्रचलित असलेल्या दराने' असे शब्द असतील, तर तुम्ही कोरा चेक देऊन बसला आहात. 'मागील दरापेक्षा अमुक टक्क्यांहून अधिक नाही' असं असेल, तर कुणीतरी आधी डोकं चालवलं आहे. त्याला शोधून चहा पाजा.

आता यादी. ती आयटीकडून मागू नका, पैशाच्या बाजूने काढा. बँकेचं स्टेटमेंट, कंपनीची क्रेडिट कार्डं, कर्मचाऱ्यांना परत दिलेल्या खर्चाची व्हाउचर्स, असं वर्षभराचं चाळा. आयटीच्या यादीत आयटीने घेतलेलं असतं. मार्केटिंगमधल्या कुणीतरी ट्रायल म्हणून घेतलेलं आणि कार्डावरून दरमहा कटणारं फक्त इथेच सापडतं. व्हिडिओ कॉलची दोन-दोन सॉफ्टवेअर्स, कामं वाटून द्यायचे तीन-तीन बोर्ड, हेही इथेच दिसतं. या यादीला साधी एक्सेल शीट पुरते. सबस्क्रिप्शन सांभाळायचं सॉफ्टवेअरही मिळतं म्हणा, पण तेही सबस्क्रिप्शनच असतं आणि त्यालाही ऑटो-रिन्यूअल असतं.

इथे थोडा हिशेब करू, कारण माझा सगळा मुद्दा त्यात आहे. समजा तुमच्याकडे एका सॉफ्टवेअरची माणशी एक अशी १२० लायसन्स आहेत आणि प्रत्येकाचा दर १०० आहे. बिल १२,०००. दहा टक्के वाढ आली की ते १३,२०० होतं. तुम्ही कंबर कसून वाटाघाटी केल्या आणि वाढ निम्म्यावर आणली, तर १२,६००. आता दराला हातच लावू नका, नुसती न वापरली जाणारी १८ लायसन्स कमी करा. १०२ गुणिले ११० म्हणजे ११,२२०. दरवाढ पूर्ण मान्य करूनसुद्धा बिल गेल्या वर्षीपेक्षा कमी! आपण मात्र सगळा जोर दरावर लावतो, कारण दर मेलमध्ये लिहिलेला असतो आणि संख्या आपली आपल्याला मोजावी लागते.

ती मोजायची कशी? अ‍ॅडमिनच्या स्क्रीनवर प्रत्येक युजरचं शेवटचं लॉगिन दिसतं. गेल्या ९० दिवसांत जे आले नाहीत त्यांची नावं वेगळी काढा. पण लगेच कात्री चालवू नका. त्यात वर्षातून एकदाच लागणारा ऑडिटचा लॉगिन असेल, दोन सिस्टीम जोडणारं एखादं खातं असेल. ते बंद केलंत तर दुसऱ्या दिवशी इन्व्हॉइस निघायची थांबतील. उलट रोज लॉगिन करणारा माणूस महागडा प्लॅन घेऊन फक्त मेल वाचत असेल, तर तिथेही पैसे जातात. त्याला खालच्या प्लॅनवर आणायचं.

सोडून गेलेल्या लोकांची लायसन्स हा तर ठरलेला प्रकार. 'त्यांचे जुने मेल लागतात' म्हणून वर्षानुवर्षं पूर्ण पैसे भरले जातात. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये असा मेलबॉक्स शेअर्ड मेलबॉक्स, म्हणजे अनेकांनी मिळून पाहायचा, करता येतो आणि ५० जीबीपर्यंत त्याला वेगळं लायसन्स लागत नाही. चौकशीसाठी किंवा अकाउंट्ससाठी ठेवलेल्या सामायिक पत्त्यांचंही तेच. फक्त क्रम चुकवू नका. आधी मेलबॉक्स बदला, मग लायसन्स काढा.

विभागांना 'हे सॉफ्टवेअर लागतं का?' असं विचारू नका. लागतं, असंच उत्तर येणार. शेजारी बसा आणि 'गेल्या महिन्यात यात काय केलंत ते दाखवा' म्हणा. दहा मिनिटांत कळतं.

आणि एक अडचण. लायसन्स वर्षात केव्हाही वाढवता येतात, कमी मात्र बहुतेक करारांत रिन्यूअललाच करता येतात. म्हणून पुढच्या वर्षी भरती होईल या आशेवर आज जास्तीची घेऊ नका. कमी करण्याआधी कोटेशन मागवा. शंभराच्या खाली गेलात आणि सवलतीची पायरी सुटली, किंवा पॅकेजमधलं एक सॉफ्टवेअर काढलं आणि बाकीच्यांची सवलत गेली, असं होऊ शकतं.

वाटाघाटींबद्दल थोडक्यात सांगतो. विकणाऱ्याचं आर्थिक वर्ष माहीत असावं. ओरॅकलचं ३१ मे, मायक्रोसॉफ्टचं ३० जून, सेल्सफोर्सचं ३१ जानेवारीला संपतं. त्या सुमारास सेल्सची माणसं जरा सैल होतात. पण त्यासाठी नोटिशीची मुदत हुकवू नका. पहिल्या वर्षीच्या सवलतीपेक्षा पुढच्या वाढीवर मर्यादा मागा. आज २० टक्के सूट घेऊन ८० भरलेत आणि पुढच्या वर्षी सूट गेली, तर ८० चे १०० होतात, म्हणजे २५ टक्के वाढ. तीन वर्षांचा करार दर बांधून देतो खरा, पण संख्याही बांधतो. संख्या मोजून झाली नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. 'आम्ही दुसरीकडे जाऊ' हेही आपला डेटा एकदा बाहेर काढून, उघडून पाहिल्याशिवाय बोलू नका. समोरचा तुमच्यापेक्षा चांगलं ओळखतो की तुम्ही जाणार आहात की नाही.

शेवटचं नोटिशीबद्दल. 'ऑटो-रिन्यूअल नको' असं कळवणं म्हणजे संबंध तोडणं नव्हे. त्यानंतरही नवा करार करता येतो, आणि बोलणी खरं तर तिथूनच सुरू होतात. करारात आडकाठी नसेल तर ही नोटीस सही झाल्याच्या आठवड्यातच पाठवून द्या. पाठवायची ती करारात नोटिशीसाठी दिलेल्या पत्त्यावर. रोज बोलणाऱ्या सेल्सच्या माणसाला सांगितलंत तर ते बहुधा धरलं जात नाही. पोच आली की ती त्याच एक्सेल शीटमध्ये, त्या सॉफ्टवेअरच्या ओळीत जोडून ठेवा. आता प्रश्न असतील तर घेऊ.