गॉस, ओर्स्टेड आणि जुना डिझाइन कागद

श्रोतेहो, नमस्कार. जवळ कागद-पेन्सिल असेल तर घ्या, कारण आज चुंबकत्वाची जुनी एककं नव्या एककांत बदलायची आहेत आणि आकडे बरेच येणार आहेत.

आपल्या बडोद्यात, मकरपुऱ्यासारख्या औद्योगिक वसाहतींत, जुने ट्रान्सफॉर्मर उघडून पुन्हा गुंडाळण्याचं काम चालतं. कोअरबरोबर, म्हणजे आतल्या लोखंडी गाभ्याबरोबर, जुना डिझाइन कागद मिळाला तर त्यावर टेस्ला हे आजचं एकक नसतं. तिथे गॉस, मॅक्सवेल, नाहीतर चौरस इंचाला अमुक इतक्या लाइन्स असं लिहिलेलं असतं. गुणाकार कोणीही करेल. चूक होते ती त्याआधी, आपण नेमकी कोणती राशी बदलतो आहोत हे न पाहिल्यामुळे.

सुरुवात सोप्या राशीपासून करू. चुंबकीय प्रवाह घनता, म्हणजे ‘बी’. १०,००० गॉस म्हणजे १ टेस्ला. प्रवाह, म्हणजे फ्लक्स, जुन्या म्हणजे सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद पद्धतीत मॅक्सवेलमध्ये मोजत. १० कोटी मॅक्सवेल म्हणजे १ वेबर. कागदावरची ‘लाइन’ म्हणजे मॅक्सवेलच, आणि किलोलाइन म्हणजे १,००० मॅक्सवेल. चौरस इंचाला ६४,५१६ लाइन्स झाल्या की १ टेस्ला होतो.

आता एक उदाहरण. कागदावर चौरस इंचाला ९०,००० लाइन्स आणि कोअरचं निव्वळ क्षेत्रफळ १६ चौरस इंच दिलंय. इंचाचे सेंटिमीटर करत बसू नका. ९०,००० गुणिले १६, म्हणजे एकूण १४ लाख ४० हजार लाइन्स. त्याला १० कोटींनी भागा, ०.०१४४ वेबर मिळाले. ट्रान्सफॉर्मरच्या व्होल्टेज सूत्रात ४.४४ हा ठरावीक आकडा असतो, तेव्हा ५० हर्ट्झसाठी ४.४४ गुणिले ५०, म्हणजे २२२. त्याला ०.०१४४ ने गुणलं की एका वेढ्याला साधारण ३.२ व्होल्ट. ४१५ व्होल्टच्या गुंडाळीला १३० वेढे लागतील. जुन्या सूत्रात शेवटी दहाचा उणे आठवा घात असतो. वेबर वापरलेत तर तो घात सोडायचा. दोन्ही केलंत तर उत्तर इतकं वेडंवाकडं येतं की चूक लगेच कळते.

न कळणारी चूक क्षेत्रफळात असते. जुन्या पत्र्यांच्या थप्पीत वार्निश किंवा कागदाचे थर असत, त्यामुळे मोजपट्टीने मोजलेल्या क्षेत्रफळापैकी सुमारे ९० टक्केच लोखंड असतं. ते पूर्ण धरून वेढे काढले, तर वेढे कमी पडतात आणि प्रत्यक्ष घनता ११ टक्क्यांनी चढते. वरच्या उदाहरणात १.३९५ टेस्लाचे १.५५ होतात. जुन्या हॉट रोल्ड, म्हणजे गरम लाटलेल्या, पत्र्याला हे झेपत नाही: नो-लोड करंट, म्हणजे भार नसतानाचा करंट, एकदम वाढतो, कोअर गुणगुणतो आणि तापतो. आणखी एक पडताळा करा. ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यासाठी २ टेस्लाच्या वर कार्यकारी घनता आली, तर रूपांतर चुकलंय असं खुशाल समजा.

आता ‘एच’, म्हणजे क्षेत्र तीव्रता. इथे ४ पाय, म्हणजे ४π (पाय = ३.१४१६), आडवा येतो. १ ओर्स्टेड म्हणजे १,००० भागिले ४ पाय, म्हणजे ७९.५८ अँपिअर प्रति मीटर. इंचाला अँपिअर-टर्न दिले असतील तर ३९.३७ ने गुणा. जुन्या पद्धतीत हवेत गॉस आणि ओर्स्टेड यांचा आकडा एकच येतो, म्हणून लोक एकाऐवजी दुसरं सर्रास लिहितात. हवेतले ५०० ओर्स्टेड म्हणजे ०.०५ टेस्ला, आणि तेच ३९,७८९ अँपिअर प्रति मीटरही. १९३० साली आंतरराष्ट्रीय विद्युत तंत्र आयोगाने ‘बी’साठी गॉस आणि ‘एच’साठी ओर्स्टेड असं ठरवलं. तरी जुन्या लिखाणात ‘एच’लाही गॉस म्हटलेलं सापडतं, तेव्हा अल्निको या चुंबकी मिश्रधातूच्या कोअर्सिव्हिटीपुढे, म्हणजे चुंबकत्व घालवायला लागणाऱ्या उलट ‘एच’पुढे, ६४० गॉस दिसलं तर ते ६४० ओर्स्टेड समजून सुमारे ५१ किलोअँपिअर प्रति मीटर धरा.

सगळ्यांत जास्त घोळ चुंबकनात, म्हणजे ‘एम’मध्ये होतो. जुन्या समीकरणात ‘बी’ म्हणजे ‘एच’ अधिक ४ पाय ‘एम’. नव्या समीकरणात ४ पाय नाही. तिथे ‘एच’ आणि ‘एम’ यांची बेरीज म्यू-शून्याने, म्हणजे निर्वात पोकळीच्या पर्मिअबिलिटीने, गुणतात. परिणामी जुन्या तक्त्यांत एकाच लोखंडाचे दोन आकडे दिसतात. संपृक्त, म्हणजे पूर्ण चुंबकित, लोखंडाचं ‘एम’ घन सेंटिमीटरला सुमारे १,७१० ईएमयू (जुन्या पद्धतीचं चुंबकीय एकक), आणि ४ पाय ‘एम’ सुमारे २१,५०० गॉस. पहिल्याला १,००० ने गुणा, १७ लाख १० हजार अँपिअर प्रति मीटर मिळतात. दुसऱ्याला १०,००० ने भागा, २.१५ टेस्ला. दोन्ही बरोबर. पण २१,५०० ला ‘एम’ समजून १,००० ने गुणलं तर उत्तर साडेबारा पटींनी फुगतं. पुस्तकं ‘एम’पुढेही गॉस छापतात, त्यामुळे नुसत्या एककावर विसंबू नका. त्याच तक्त्यात निकेल शोधा: ४८५ च्या आसपास असेल तर ‘एम’, ६,१०० च्या आसपास असेल तर ४ पाय ‘एम’.

ग्रॅममागे ईएमयू असेल तर काम सोपं. आकडा तोच ठेवून किलोग्रॅममागे अँपिअर-चौरस मीटर लिहायचं.

प्रयोगशाळेत ससेप्टिबिलिटी, म्हणजे ‘एच’च्या तुलनेत पदार्थ किती चुंबकित होतो ते, मोजणाऱ्या विद्यार्थ्यांनी मात्र फार जपावं. तिला एकक नसतं, तरी दोन पद्धतींत आकडा वेगळा येतो. पाण्याची जुनी किंमत उणे ०.७२ दशलक्षांश, नवी उणे ९.०५ दशलक्षांश, मधला गुणक ४ पाय. ग्रॅममागची घन सेंटिमीटरमधली किंमत किलोग्रॅममागच्या घन मीटरमध्ये नेताना त्याच ४ पायला १,००० ने भागून गुणायचं. सापेक्ष पर्मिअबिलिटी, म्हणजे हवेच्या तुलनेत पदार्थात ‘बी’ किती पट होतो ते, दोन्हीकडे तीच राहते, तिला ४ पाय लावू नका.

चुंबक विकत घेणाऱ्यांसाठी एवढंच: चुंबकाची ऊर्जा जुन्या पद्धतीत मेगागॉस-ओर्स्टेडमध्ये देतात, १ मेगागॉस-ओर्स्टेड म्हणजे ७.९६ किलोज्यूल प्रति घन मीटर. निओडिमियम चुंबकावरच्या ‘एन ३५’ मधले ३५ हे साधारणपणे तेच मेगागॉस-ओर्स्टेड, म्हणजे सुमारे २७९ किलोज्यूल.

अलिबागच्या वेधशाळेसारख्या ठिकाणच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या जुन्या नोंदी गॅमामध्ये असतील, तर गुणाकार करूच नका. १ गॅमा म्हणजे १ नॅनोटेस्ला. एककाचं नाव बदला, आकडा तसाच उतरवा.