दोन शिट्ट्या, एक नियम

मित्रहो, ४ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये झालेला हॉकीचा भारत–ब्रिटन उपांत्यपूर्व सामना तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासची स्टिक प्रतिस्पर्ध्याच्या तोंडावर लागली, व्हिडिओ पाहून लाल कार्ड दिलं गेलं आणि पुढची जवळपास ४३ मिनिटं भारत दहा जणांनिशी खेळला. १-१ अशा बरोबरीनंतर शूटआउट, म्हणजे एकेका खेळाडूने एकट्या गोलरक्षकाला चकवून गोल करायची फेरी, ४-२ ने आपण जिंकली. जिंकूनही हॉकी इंडियाने पंचगिरीबद्दल अधिकृत तक्रार नोंदवली. तिच्यात तीन मुद्दे होते. व्हिडिओ पाहून दिलेल्या निर्णयांत सातत्य नव्हतं, शूटआउटच्या वेळी ब्रिटनच्या गोलरक्षकाला गोलमागून सूचना दिल्या जात होत्या आणि त्याने टॅबलेट वापरला.

तक्रार अशी असावी. शेवटच्या दोन गोष्टी घडल्या की नाही, हे चित्रण पाहून सांगता येतं. पहिला मुद्दा पंचांच्या निर्णयबुद्धीचा आहे, तो तपासायला त्याच सामन्यातल्या सारख्या घटना शेजारी ठेवाव्या लागतात. या तिन्हींपेक्षा वेगळा आरोप म्हणजे ‘पंच त्यांच्या बाजूने होता’. प्रेक्षक रागाच्या भरात सगळं याच एका वाक्यात कोंबतात आणि मग खरी चूकही हातची निसटते. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीकडून ०-१ ने हरल्यावर पाकिस्तानच्या चिडलेल्या गोटाने जागतिक महासंघाच्या अध्यक्षांवर पाणी ओतलं, खेळाडूंनी पदक समारंभात पाठ फिरवली. खेळाडूंवर बंदी आली. पंचांचे नेमके कोणते निर्णय चुकले, हा प्रश्न त्या गोंधळाखाली गाडला गेला.

आता मूळ मुद्दा. हॉकीत मैदानावर पंच दोन असतात आणि प्रत्येकाकडे मैदानाचा एक अर्धा भाग असतो. त्या भागातल्या डीमधल्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळातल्या, फ्री हिट, पेनल्टी कॉर्नर (गोलरेषेवरून चेंडू बाहेर देऊन घेतलेली गोलची संधी), पेनल्टी स्ट्रोक (समोर फक्त गोलरक्षक असताना घेतलेला फटका) आणि गोल यांचा निर्णय त्याचाच. सामना संपेपर्यंत पंच आपली बाजू बदलत नाहीत. संघ मात्र मध्यंतरानंतर बदलतात. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. पहिल्या दोन सत्रांत, म्हणजे तीस मिनिटं, तुमच्या संघाची सगळी चढाई एकाच पंचासमोर होते आणि समोरच्या संघाची दुसऱ्या पंचासमोर. पहिला पंच चेंडू पायाला लागल्यावर कॉर्नर द्यायला कचरणारा असेल आणि दुसरा पटकन देणारा असेल, तर दोघेही पूर्ण प्रामाणिक असूनही अर्धा तास तुम्हाला उघड पक्षपात दिसणार. मध्यंतरानंतर पारडं उलटतं. पण तोवर समोरचा संघ दोन गोलने पुढे गेलेला असतो, तो मागे सरून बचाव करतो आणि उदार पंचाचा लाभ घेण्याइतकी चढाईची वेळ तुमच्या संघाला मिळतेच असं नाही.

म्हणून पक्षपात तपासायचा तर एका पंचाची दुसऱ्याशी तुलना करून हाती काही लागत नाही. एकाच पंचाने, त्याच टोकाला, मध्यंतरापूर्वी एका संघाला काय दिलं आणि मध्यंतरानंतर दुसऱ्याला काय दिलं, ते पाहायचं. तिथे सारख्या घटनेला वेगळा न्याय मिळत असेल तर संशयाला जागा आहे. फरक फक्त दोन पंचांमध्ये असेल तर तो समन्वयाचा दोष आहे. दोघांच्या कानात रेडिओ असतो. कशाला कॉर्नर आणि कशाला नाही, हे त्यांनी सामन्याआधी आणि सत्रांच्या मधल्या वेळात जुळवून घेणं अपेक्षित आहे. ते जमलं नाही तर त्याबद्दल ठणकावून बोलावं. फक्त ‘विकला गेला’ हा शब्द तिथे लागू नाही.

कुठल्या निर्णयांत सर्वाधिक विसंगती येते? सर्वात आधी पाय. चेंडू पायाला लागला की फाऊल, असं प्रेक्षकांच्या मनात पक्कं बसलंय, पण नियम तसा नाही. खेळाडूला त्यातून फायदा झाला किंवा चेंडू अंगाने अडवायला तो मुद्दाम आडवा आला, तरच गुन्हा. ‘फायदा झाला का’ हे पंचाने क्षणात ठरवायचं असतं. चेंडूची दिशा बदललेली दिसते आणि बुटावर आपटल्याचा बद्द आवाज येतो, या दोन खुणांवर तो विसंबतो. मैदान ५५ मीटर रुंद. पंच एका कडेला असताना डीच्या पलीकडच्या अंगाला घोळका झाला, तर दृष्टी अडते आणि भरल्या स्टेडियमच्या गलक्यात आवाजही विरतो. टीव्हीचा कॅमेरा उंचावर असतो, त्याला तेच स्वच्छ दिसतं.

दुसरी जागा पेनल्टी कॉर्नरच्या पहिल्या फटक्याची, आणि माझ्या मते सर्वाधिक अन्याय्य आरडाओरडा इथेच होतो. ड्रॅगफ्लिक केलेला, म्हणजे स्टिकने ओढत भिरकावलेला, चेंडू पाच मीटरच्या आतल्या बचावपटूला गुडघ्याखाली लागला तर पुन्हा कॉर्नर. सरळ उभ्या अवस्थेतल्या गुडघ्यावर किंवा त्याच्या वर लागला तर फटका धोकादायक ठरून फ्री हिट बचाव करणाऱ्याला. धावत, वाकून पुढे येणाऱ्या माणसाचा ‘सरळ उभ्या अवस्थेतला’ गुडघा कुठे असता, हे पंचाने डोळ्यांपुढे आणायचं! एकाच सामन्यात वरवर सारख्या दिसणाऱ्या दोन फटक्यांना उलटे निर्णय मिळतात ते यामुळे. फटका ड्रॅगफ्लिक नसून हिट, म्हणजे स्टिक झोकून मारलेला, असेल तर आणखी एक मोजमाप येतं. चेंडू गोलरेषा ओलांडताना ४६० मिलिमीटरच्या, म्हणजे गोलच्या तळाशी असलेल्या फळीच्या, वर असता कामा नये. फ्लिकला ती मर्यादा नाही. हा फरक माहीत नसलेला प्रेक्षक हमखास फसतो.

उंचावरून येणाऱ्या चेंडूचंही तसंच. तो ज्याच्याकडे येतोय तो मूळ खेळाडू कोण, हे आधी ठरतं. त्यावर मतभेद असेल तर प्रतिस्पर्ध्याने त्याच्यापासून राखायच्या पाच मीटर अंतराचा सगळा हिशेबच फिरतो.

रेफरलने, म्हणजे संघाने मागितलेल्या व्हिडिओ तपासणीने, हे सगळं मिटेल अशी आशा होती. संघाला रेफरल एकच असतं. बरोबर ठरलं तर टिकतं, चुकलं तर जातं. चित्रणातून काहीच ठरवता आलं नाही तर मूळ निर्णय कायम राहतो आणि रेफरलही शाबूत राहतं. पण ते २३ मीटर रेषेच्या आतल्या, गोल, कॉर्नर आणि स्ट्रोकशी संबंधित निर्णयांपुरतंच. मध्यमैदानातली चुकीची शिट्टी त्यात येत नाही. शिवाय व्हिडिओ पंचाला दृश्य संथ गतीने दिसतं आणि संथ गतीत नुसता ओझरता धक्काही हेतुपुरस्सर वाटू लागतो. संपर्क झाला की नाही, यासाठी संथ चित्र उत्तम. हेतू ठरवताना नेहमीच्या वेगातलं चित्र आधी पाहिलं पाहिजे.

यंत्रणाच चुकली तर? २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत महिलांच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाचा शूटआउटचा पहिला प्रयत्न भारताची गोलरक्षक सविताने अडवला. प्रत्येक प्रयत्नासाठी असलेलं आठ सेकंदांचं घड्याळ सुरूच झालं नव्हतं म्हणून तो पुन्हा घेतला गेला आणि त्यावर गोल झाला. महासंघाने नंतर माफी मागितली. पुन्हा घेणं नियमाला धरूनच होतं. चूक त्याआधीची, घड्याळ तयार नसताना प्रयत्न सुरू होऊ देण्याची.

म्हणजे पंच पूर्णपणे निर्लेप असतात का? नाही. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४० फुटबॉल पंचांना एकाच सामन्याचं चित्रण दाखवलं, काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह आणि काहींना आवाजाविना. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध १५.५ टक्के कमी फाऊल दिले. हॉकीचा पंच वेगळ्या मातीचा असण्याचं कारण नाही. त्रयस्थ देशाचा पंच नेमला तरी स्टेडियमचा आवाज त्रयस्थ होत नाही.

तेव्हा वही घेऊन बसा. मिनिट, कोणत्या पंचाचं टोक, चढाई कुणाची, पाय की स्टिक की अडथळा, पंचाला स्वच्छ दिसत होतं का, निर्णय काय, रेफरलमध्ये बदलला का, इतकंच लिहा. फक्त कॉर्नरची बेरीज करू नका. जो संघ डीमध्ये जास्त शिरतो त्याला कॉर्नर जास्त मिळणारच, म्हणून कॉर्नर मागितले गेलेले पण नाकारलेले प्रसंगही टिपा. एका सामन्यात अशा तुलनायोग्य घटना मोजक्याच मिळतात, त्यामुळे तोच पंच स्पर्धेतल्या पुढच्या सामन्यांतही पाहावा लागेल. अशी पानं घेऊन संघटनेकडे गेलात, तर तिला उत्तर म्हणून त्या मिनिटांचं चित्रण उघडावं लागेल.